पडायचं कसं, ते आधी ठरवा
वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं

प्रश्न : काका, नमस्कार. मी मुलुंडला राहतो, वय 34, आयटीत नोकरी. सासुरवाडी कर्जतच्या पलीकडे. सासऱ्यांची चार-साडेचार एकर जमीन आहे. पुढे भातखाचरं, मागे मुरमाड माळ. शनिवार-रविवार तिथेच असतो. कॉलेजपासून पल्सर चालवतोय, पण मातीत कधी गाडी घातलेली नाही. गेल्या मे महिन्यात नागावच्या किनाऱ्यावर भाड्याची एटीव्ही (चार फुगीर चाकांची, हँडलवाली उघडी गाडी, तिलाच क्वाड म्हणतात) फिरवली आणि डोक्यात किडा शिरला. मेहुणा म्हणतो, स्पोर्ट क्वाड घे, चार चाकं आहेत, पडायची भीती नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो, डर्ट बाइकच, म्हणजे मातीत चालवायची हलकी दुचाकी. ओळखीतून 450 सीसीची एक जुनी क्वाड मिळतेय, परदेशातून आलेली. कागद नाहीत, पण मालक म्हणतो, शेतावरच फिरवायची तर कागद कशाला? बजेट तीन-साडेतीन लाख. उंची पाच फूट पाच इंच. मुलगी सात वर्षांची आहे, तिलाही कधीतरी पुढे बसवून फिरवता आलं तर बरं. काय घेऊ?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : डर्ट बाइक घ्या. तीही सुरुवातीला पासिंगवाली, नंबरप्लेट असलेली. उत्तर एवढंच आहे. पण मेहुण्यांशी वाद घालायला कारणं लागतील, म्हणून सविस्तर लिहितो.

नागावला तुम्ही जी फिरवलीत ती स्पोर्ट क्वाड नव्हती, हे आधी डोक्यातून काढा. भाड्याच्या गाड्या लहान इंजिनाच्या, बहुतेक बिनक्लचच्या असतात आणि अ‍ॅक्सिलरेटरला स्क्रू मारून त्यांचा वेग बांधलेला असतो. तुम्हाला जी मिळतेय ती 450 म्हणजे वेगळीच जात. यामाहाची वायएफझेड 450 घ्या उदाहरणाला. तिचं इंजिन त्याच कंपनीच्या मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या रेसच्या) बाइकच्या इंजिनावरून आलं. हाताचा क्लच, पाच गिअर, टाकी भरल्यावर वजन 180 किलोच्या वर. अ‍ॅक्सिलरेटर मुठीने पिळायचा नसतो, अंगठ्याने दाबायचा असतो. पल्सरवर वाढलेला माणूस घाबरला की मूठ आवळतो. क्वाडवर खड्डा लागला आणि तुम्ही हँडल घट्ट धरायला गेलात, तर तोच अंगठा आत जातो आणि गाडी उडी मारते. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचं हेच होतं.

आता मेहुण्यांचं 'पडायची भीती नाही'.

उभी असताना क्वाड पडत नाही, खरं आहे. साइड स्टँडसुद्धा लागत नाही. पण चालताना ती कशी वळते ते बघा. मोटारीला मागे डिफरन्शियल असतो, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरू शकतं. स्पोर्ट क्वाडला तो नसतो. लोकलच्या डब्याखाली दोन चाकं जशी एकाच दांड्याला घट्ट बसवलेली असतात, तशी हिची मागची दोन चाकं एका एक्सलवर असतात आणि मधोमध चेन. दोन्ही चाकं कायम सारखीच फिरणार. म्हणजे वळताना एक चाक घसरलंच पाहिजे, नाहीतर गाडी सरळच जाते. हे घसरवण्याचं काम चालकाच्या अंगाचं. डावीकडे वळायचं तर ढुंगण सीटवरून उचलून डावीकडे न्यायचं, छाती पुढे झुकवायची, उजव्या पायाने उजवं फुटपेग (पाय ठेवायची खुंटी) दाबायचं आणि रेस देऊन मागची बाजू फिरवायची. हे सगळं एका क्षणात. नुसतं हँडल वळवून बसून राहिलात तर आतली चाकं उचलली जातात आणि गाडी बाहेरच्या बाजूने पालथी होते. शेतातल्या सपाटीवरही होते, माळावरच्या उतारावर तर विचारायलाच नको.

पालथी झाल्यावर काय होतं, माझ्या मते सगळा निर्णय इथे आहे. डर्ट बाइक घसरली की तुम्ही एका बाजूला आणि गाडी दुसऱ्या बाजूला. ती जड नसते. 250 सीसीची मोटोक्रॉस बाइक साधारण 105 किलोची. अंगावर पडली तरी बहुतेक वेळा पाय सोडवून घेता येतो. क्वाड उलटते तेव्हा चालकाला बरोबर घेऊन उलटते, आणि 180 किलोचं धूड छातीवर किंवा मानेवर येऊन थांबतं. मळ्यात एकटे असाल तर उचलणार कोण? ऑस्ट्रेलियात शेतावरच्या क्वाडखाली चिरडून इतकी माणसं गेली, की 2021च्या ऑक्टोबरपासून तिथे कामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला मागे संरक्षक कमान सक्तीची झाली. होंडा, यामाहासारख्या कंपन्यांनी ती अट मान्य करण्यापेक्षा तिथला कामाच्या क्वाडचा धंदाच आवरता घेतला. अमेरिकेत त्याआधी तीनचाकी एटीव्ही होत्या. त्या इतक्या उलटल्या, की 1988 मध्ये सरकारी यंत्रणेशी झालेल्या समझोत्यानंतर कंपन्यांनी त्यांची विक्री थांबवली. चारचाकी त्यांच्यापेक्षा स्थिर, यात वाद नाही. पण 'स्थिर' आणि 'उलटत नाही' यांत बराच फरक आहे.

पायाचंही सांगतो, कारण दुचाकीवाल्याची ही सवय मोडायला वेळ लागतो. तोल गेला की आपण पाय टेकवतो. डर्ट बाइकवर तेच बरोबर. वळणावर आतला पाय पुढे काढून धरायला शिकवतातच. क्वाडवर पाय खाली गेला की मागचं टायर त्या पोटरीवर चढतं आणि पाय मागे ओढून नेतं. म्हणून चांगल्या स्पोर्ट क्वाडला फुटपेगच्या मागे जाळी किंवा पत्रा असतो, टाच खाली जाऊ नये म्हणून. तुम्हाला मिळणाऱ्या गाडीला ती आहे का बघा. नसेल तर मालकाला विचारा, कुठे गेली. जाळी आपोआप गळत नाही.

डर्ट बाइकची वकिली करतोय म्हणून तिचे दोष लपवत नाही. पहिले दोन-तीन महिने तुम्ही पडाल. बऱ्याचदा पडाल, बहुतेक वेळा अगदी हळू, वाळूत पुढचं चाक रुतून किंवा मुरमावर ब्रेक जास्त दाबून. हाताच्या कोपराखालचे स्नायू असे कडक होतील, की क्लच दाबवणार नाही. उभं राहून चालवायचं असतं, ते मांड्यांना झेपत नाही. यात मला एकच गोष्ट आवडते : बाइक चुकीची शिक्षा ताबडतोब देते, आणि लहान देते. क्वाड चार चुका पोटात घालते. माणसाला वाटतं, आपल्याला जमलं. मग पाचवी चूक एकदम वसूल होते. नाशिक-पुण्याच्या सुपरक्रॉस रेसना मी मेकॅनिक म्हणून जायचो तेव्हा पिटमध्ये मोडलेले अंगठे आणि गळ्याजवळची मोडलेली हाडं भरपूर पाहिली. ती रेसिंगची किंमत. पण त्यांतले बरेच रायडर पुढच्या मोसमात पुन्हा स्टार्ट गेटवर उभे असायचे.

उंचीचं. मोटोक्रॉस बाइकची सीट साडेनऊशे मिलीमीटरच्या आसपास, पाच-पाचच्या माणसाचे जेमतेम चवडे टेकतात. म्हणूनच म्हणतो, पहिली गाडी हीरोच्या एक्सपल्ससारखी घ्या. एक्सपल्स 200ची साधी आवृत्ती 825 मिलीमीटरची, ती तुम्हाला बसेल. तिची 'प्रो' आवृत्ती 891ची, ती मागून. वजन 158 किलो, म्हणजे खऱ्या डर्ट बाइकपेक्षा बरंच जास्त, पण पुढे 21 आणि मागे 18 इंची तारांची चाकं आहेत, मातीला हवीत तशी. आता 210 सीसीचीही आली आहे. कावासाकीची केएलएक्स 230 आणखी हलकी, पण सीट उंच. शोरूममध्ये बूट घालून बसून बघा, चपलांवर नको.

आता मुंबईचा हिशोब, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही. गाडी ठेवणार कुठे? क्वाड साधारण चार फूट रुंद, सहा फूट लांब. मुलुंडच्या सोसायटीत तुमच्या कारच्या जागेत ती एकटी मावेल, मग कार रस्त्यावर. सेक्रेटरी काय बोलतील ते तुम्हीच ऐका. कर्जतला ठेवली तर आठवडाभर कोण बघणार, आणि उंदीर वायरिंग खातात त्याचं काय? नेण्याआणण्याचंही तेच. रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून छोटा हत्ती टेम्पो करावा लागतो. त्याच्या हौद्यात क्वाड एक मावते, बाइक दोन मावतात. फळीवरून क्वाड चढवताना पुढचा भाग उचलला जाऊन ती मागे येते. त्या कामाला अनुभवी माणूस लागतो. पासिंगवाली बाइक तुम्ही सकाळी सहाला जुन्या महामार्गाने चालवत न्याल आणि साडेआठला सासऱ्यांबरोबर चहा घ्याल.

डांबरावर क्वाड न्यायचीच नाही, हे फक्त कायद्याचं नाही. तिच्या टायरात हवा चार-सहा पीएसआय, मातीत पसरावीत म्हणून. त्यावर तो एकसंध एक्सल. डांबरावर चाक घसरत नाही, त्यामुळे वळताना गाडी अडखळते आणि उचलली जाते. 'घरापासून माळापर्यंत अर्धा किलोमीटरच तर रस्ता आहे' असं म्हणणारे बरेच भेटलेत.

कागदांचं. मालकाला एकच कागद मागा : बिल ऑफ एंट्री. माल बंदरातून आत आणताना आयात करणाऱ्याने कस्टम्सकडे भरलेला कागद तो. तो नसेल, तर गाडी कर चुकवून आली की कुणाच्या गोदामातून, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि जप्त झाली तर तुमच्याकडून होईल. तो असला तरी आरटीओ पासिंग करणार नाही, कारण अशा गाडीला रस्त्याची मंजुरीच नसते. पासिंग नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. शेतावरच्या गड्याला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून.

आणि ती 450 चांगली निघाली तरी खर्च कुठे जातो ते ऐका. रेसच्या इंजिनाचं आयुष्य किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात. ऑइल काही तासांनी, व्हॉल्व्हची गॅप तपासणं त्यानंतर, पिस्टन त्यापुढे. खाली बॉल जॉइंट चार, टायरॉडची टोकं चार, ए-आर्मचे बुश, मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधली बेअरिंगं, तीन शॉक, चार टायर. होंडाने टीआरएक्स 450आर 2014 नंतर बंद केली, सुझुकी-कावासाकीच्या 450ही बंद झाल्या. सुटे भाग मागवायचे म्हणजे बाहेरून, आणि ड्यूटी भरून. अलिबागहून एक गिऱ्हाईक क्वाड घेऊन आलं होतं. मागचा एक्सल खोलला तर बेअरिंगच्या जागी तांबडी भुकटी. खाऱ्या वाळूत फिरवून कधी गोड्या पाण्याने धुतलीच नव्हती. भाग यायला पावसाळा संपला. एक्सपल्सचा क्लच वायर कर्जत स्टेशनबाहेर मिळतो.

तुमच्या जमिनीबद्दल. भातखाचरात जून ते ऑक्टोबर काहीच नेऊ नका, ना दोन चाकं ना चार. बांध फुटला तर सासऱ्यांना जे वाटेल ते ऑफ-रोडिंगने भरून निघणार नाही. मागच्या माळावर पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत वाढतं आणि त्यात दगड दिसत नाहीत. दिवाळीनंतर गवत कापलं की एकदा पायी हिंडा, मोठे दगड चुन्याने रंगवा, मग गाडी घाला. चार एकर 450 क्वाडला पुरत नाहीत. तिसऱ्या गिअरला कुंपण येतं. बाइकवर त्याच माळात टायर मांडून आठचा आकडा घालत बसलात तरी अंगाला घाम फुटेल, आणि तेवढ्यात क्लच-ब्रेकचं निम्मं शिक्षण होईल. माळ संपून जंगल लागतं का ते तलाठ्याकडे विचारून ठेवा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी नेणं गुन्हा आहे, आणि कर्जतच्या बाजूला हद्द अनेकदा डोळ्यांना दिसत नाही.

मुलीला पुढे बसवायचं मात्र विसरा. स्पोर्ट क्वाड एका माणसाची असते. चालकाने अंग इकडून तिकडे नेल्याशिवाय ती वळत नाही, हे वर लिहिलंच आहे. पुढे मूल असेल तर अंग हलणार कसं? कंपन्या प्रत्येक एटीव्हीवर इशाऱ्याचं स्टिकर चिकटवतात : दुसऱ्याला बसवू नका, डांबरी रस्त्यावर नेऊ नका, मोठ्यांची गाडी 16 वर्षांखालच्याला देऊ नका. भाड्याच्या गाड्यांवरची ती स्टिकरं उन्हाने पांढरी पडलेली असतात.

पैशांचं असं करा. गाडीवर दीड-दोन लाख. उरलेल्यातून सगळ्यात आधी गुडघ्यापर्यंतचे मोटोक्रॉस बूट, हेल्मेटपेक्षाही आधी लिहितोय, कारण हेल्मेट तुम्ही घेणारच आणि बुटांना नाक मुरडणार. मग हेल्मेट-गॉगल, छातीचं कवच, गुडघ्याचे गार्ड. मग दोन-तीन दिवसांचं ऑफ-रोड प्रशिक्षण. वर्षभराने अंगात आलं, तर तुमची एक्सपल्स विका आणि खरी हलकी मोटोक्रॉस बाइक घ्या. त्या वेळीही क्वाडच हवी वाटली तर पत्र लिहा, चांगली कशी ओळखायची ते सांगेन.

---

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा. त्याच्या मावसभावाकडे पेट्रोलवरची लहान क्वाड आहे, दोघं सुट्टीत सोसायटीच्या आवारात फिरवतात. आता यालाही वाढदिवसाला तीच हवी. यजमान म्हणतात, सायकलसारखीच आहे, घेऊन देऊ. मला धाकधूक वाटते.
— एक आई, गिरगाव

उत्तर : ताई, तुमची धाकधूक बरोबर आहे. पण यजमानांना थेट नाही म्हणू नका, नाहीतर मुलगा मावसभावाकडे जाऊन तुमच्या नजरेआड चालवेल.

मुलांच्या गाड्या वाईट नसतात. जगभर मुलं 50 आणि 65 सीसीच्या बाइकवर शिकतात, आणि केटीएम, कावासाकी त्या इथेही विकतात. वाईट असतं ते सोसायटीचं आवार. तिथे खांब आहेत, पार्किंगमधून मागे येणाऱ्या गाड्या आहेत, जिन्यातून धावत येणारी पोरं आहेत, आणि खाली पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकवर क्वाड का नको ते वरच्या उत्तरात आलंय. गेटबाहेर पडली तर सगळंच बदलतं : अल्पवयीन मुलाने सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवली, तर 2019च्या दुरुस्तीनंतर पालकांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोसायटीचा वॉचमन काही तुमच्या बाजूने साक्ष देणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर या वर्षी चांगली बीएमएक्स सायकल घेऊन दिली असती आणि सुट्टीत मुलांच्या मोटोक्रॉस शिबिराला पाठवलं असतं. 2024च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीग झाली, त्यानंतर मुलांसाठी शिकवणारे लोक शोधणं पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही. शिबिरात गाडी त्यांची, कवच त्यांचं, पडायला मऊ माती. तिथून आल्यावरही त्याला तेच हवं असेल, तर मग खरी आवड. मावसभावाच्या क्वाडवर बसलाच तर हेल्मेट आणि बंद बूट, आणि एका वेळी एकच मूल. दोघं एकत्र बसतात, याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण बसत असणार.

---

प्रश्न : वय 61, बेस्टमधून निवृत्त. डहाणूजवळ चिकूची वाडी आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बुलेट आता उचलत नाही. वाडीत फिरायला क्वाड घ्यावी का? तुमचा क्वाडवर राग दिसतो.
— एक वाचक, वसई

उत्तर : राग नाही साहेब. तुम्ही क्वाडच घ्या.

फक्त स्पोर्ट नको, कामाची घ्या. पोलारिसच्या स्पोर्ट्समनसारखी : आपोआप गिअर, रिव्हर्स, गरजेला चारही चाकांना ताकद, मागेपुढे सामान ठेवायला कॅरिअर. क्लच नाही म्हणजे डाव्या हाताला आराम, गिअरला पाय नाही म्हणजे गुडघ्याला आराम. चिकूच्या चार करंड्या आणि फवारणीचा पंप घेऊन रांगांमधून हळू जायला याहून सोयीचं काही नाही. स्पोर्ट क्वाड या कामाला पूर्ण निरुपयोगी. कॅरिअर नसतं, हळू चालवली की इंजिन तापतं, आणि पहिला गिअर इतका लांब की चालत्या माणसाबरोबर जाता येत नाही.

उतारावर आडवी नेऊ नका, चढताना पुढे झुका, आणि वाडीत कुणीतरी असेल तेव्हाच काढा. बेस्टची डबलडेकर वळवलेला माणूस असाल तर वजन कुठे जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

---

प्रश्न : मी 22 वर्षांची, उंची पाच फूट एक इंच. मोटोक्रॉस शिकायचंय. घरचे आणि दुकानदारही म्हणतात, मुलींना क्वाड सोपी पडेल.
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : दुकानदाराला विचार, त्याच्या दुकानात कोणती क्वाड पडून आहे. बेंगळुरूची ऐश्वर्या पिस्से बाइकवरच 2019 मध्ये एफआयएमच्या (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या) बाहा, म्हणजे खडकाळ-वाळवंटी रॅलींच्या, विश्वचषकात महिला गटात पहिली आली. 180 किलोची गाडी चिखलातून ओढून काढायला जितकी ताकद लागते तितकी 100 किलोच्या बाइकला लागत नाही, हे साधं गणित आहे.

उंचीला उपाय आहेत. लहान चाकांची 85 सीसीची बाइक शिकायला उत्तम, मोठी माणसंही तिच्यावर शिकतात. मोठ्या बाइकचा फोम कापता येतो, मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून सीट थोडी खाली आणता येते. आणि दोन्ही पाय टेकायलाच हवेत असं काही नाही. थांबताना ढुंगण एका बाजूला सरकवून एकच पाय टेकायचा, लहान चणीचे रायडर सगळे तेच करतात. दगडावर किंवा उंचवट्याजवळ थांबायची सवय लाव. बुटांचं म्हणशील तर मुलींच्या मापाचे मिळायला त्रास होतो. लहान मुलांच्या मापातले पाहा, ते स्वस्तही असतात.

---

प्रश्न : वाळवंटातल्या डकार रॅलीतून क्वाड काढल्या हे खरं का?
— एक वाचक, कुर्ला

उत्तर : खरं. 2009 पासून त्यांचा वेगळा गट होता, बहुतेक सगळ्या यामाहा रॅप्टर 700. 2024 शेवटचं, 2025 पासून गट नाही. त्याच 2024 मध्ये केरळच्या हरिथ नोआने बाइकवर मुख्य गटाखालचा रॅली 2 गट जिंकला. सी. एस. संतोष 2015 मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, तोही बाइकवर. मुलुंडच्या वाचकांच्या उत्तरात हे लिहायचं राहिलं : बाइकची काही अडचण आली तर आपल्याकडे विचारायला माणसं आहेत. क्वाडला तशी शोधावी लागतात.

---

प्रश्न : एअर फिल्टर पेट्रोलमध्ये धुवावा का? सगळे मेकॅनिक तसंच करतात.
— एक वाचक, कळवा

उत्तर : फोमचा असेल तर नको. पेट्रोलने जोडाचा गोंद सुटतो आणि एक दिवस फट पडते. कोकणातली तांबडी धूळ पिठासारखी बारीक, त्या फटीतून थेट सिलिंडरमध्ये. आधी रॉकेलमध्ये बुडवून जुनं ऑइल काढा, मग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात. दाबायचा, पिळायचा नाही. सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावर फोमचं वेगळं फिल्टर ऑइल मिळतं ते हाताने मुरवा, जास्तीचं दाबून काढा, कडेला ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल चालत नाही, ते खाली ओघळून जमा होतं. धुळीत फिरवलीत तर प्रत्येक वेळी हे करायचं, क्वाड असो की बाइक. मुंबईत जुलैत फोम वाळायला दोन दिवस जातात, म्हणून दोन फिल्टर ठेवा.